कॉलेज फुटबॉल: पोरांना पैसे द्या हो, पण शेजार का विकला?

पुलमनकर

क्रिकेटच्या धाग्यांच्या गर्दीत हा एक वेगळा धागा. अमेरिकेत राहणाऱ्यांना विषय माहीत असेल, बाकीच्यांसाठी जरा सविस्तर लिहितो. "ते हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर पडतात तेच ना?" असं कोणीतरी विचारणारच. तर होय, तेच.

मी वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचा. गाव पुलमन. सिअ‍ॅटलहून पूर्वेला गाडीने पाचेक तास, आयडाहोच्या सीमेला लागून, चहूबाजूंनी गव्हाची टेकाडं. या भागाला पलूस म्हणतात (सांगलीकरांनी हुरळून जाऊ नये). गावाची वस्ती ३३ हजारांच्या आसपास आणि स्टेडियममध्ये माणसंही जवळपास तितकीच मावतात. सामन्याच्या शनिवारी गावात दुसरं काही घडतच नाही.

आमचा हाडवैरी म्हणजे सिअ‍ॅटलची युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन. पहिला सामना १९०० सालचा. राज्य सफरचंदांचं, म्हणून १९६२ पासून नाव 'अ‍ॅपल कप'. वर्षानुवर्षं हा सामना नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास व्हायचा. एकाच घरात एक भाऊ कूगर (म्हणजे आमचा), दुसरा हस्की (म्हणजे त्यांचा), आणि जेवणाच्या टेबलावर जुंपलेली. १९९२ मध्ये पुलमनच्या भर बर्फात आमच्या ड्रू ब्लेडसोच्या संघाने हस्कींना ४२-२३ लोळवलं होतं. मी तिथे शिकायला गेलो तेव्हाही लोक ते काल घडल्यासारखं सांगायचे.

हे दोघंही एकाच कॉन्फरन्समध्ये, पॅक-१२ मध्ये. कॉन्फरन्स म्हणजे आसपासच्या विद्यापीठांचा गट. आपापसात खेळायचं, टीव्हीचे पैसे वाटून घ्यायचे. या गटाची सुरुवात १९१५ मध्ये पोर्टलंडला चार विद्यापीठांनी केली, आम्ही १९१७ मध्ये आलो. शंभर वर्षांहून जास्त टिकलेलं हे बिऱ्हाड सव्वा वर्षाच्या आत उठलं. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं. बिग टेन म्हणजे मुळात मिशिगन, ओहायो, इलिनॉय असा मध्य-पश्चिमेचा गट. जुलै २०२३ मध्ये कोलोराडो बिग १२ या आणखी एका गटाकडे गेलं. ४ ऑगस्ट २०२३ हा तर आमचा काळा शुक्रवार. ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये, पाच विद्यापीठं एकाच दिवशी बाहेर. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया-बर्कली एसीसी या गटात. त्या नावातला 'ए' अटलांटिकचा आणि दोन्ही कॅम्पस पॅसिफिकच्या काठी! मागे उरलो आम्ही आणि ऑरेगन स्टेट. बारातले दोन.

कारण उघड आहे, टीव्हीचा पैसा. बिग टेनने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, ७०० कोटी डॉलरच्या वरचा करार केला. आमच्या कॉन्फरन्सच्या साहेबांना ईएसपीएनने दर विद्यापीठामागे वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलर देऊ केल्याच्या बातम्या होत्या. यांनी ५ कोटी मागितले. ते फिसकटलं आणि शेवटी हातात राहिला अ‍ॅपलचा स्ट्रीमिंगचा प्रस्ताव, त्याहून कमी हमीचा. गंमत बघा, कॉन्फरन्सच्या शेवटच्या मोसमात फुटबॉल मात्र कित्येक वर्षांत झाला नव्हता इतका चांगला झाला. वॉशिंग्टन एकही सामना न हरता राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेलं, तिथे मिशिगनने ३४-१३ हरवलं. (मला वाईट वाटलं नाही. हस्की ते हस्कीच.)

आता मुद्दा. मराठी मित्रमंडळीत हा विषय निघाला की सगळे एकच सूर लावतात, "पोरांना पैसे मिळायला लागले आणि खेळ बिघडला." मला हे साफ अमान्य आहे. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशर या कोचला काढलं, तेव्हा घरी बसवण्यासाठी त्याला साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं लागत होतं. आणि रेजी बुश या खेळाडूने कॉलेजात असताना पैसे घेतले, म्हणून २०१० मध्ये त्याला हाइझमन करंडक (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा) सोडावा लागला. तो परत मिळायला २०२४ उजाडलं. पैसा खेळात कायमच होता, फक्त ज्यांचे गुडघे मोडतात त्यांना तो मिळत नव्हता. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींतून कमावता येऊ लागलं, २०२५ पासून विद्यापीठं थेट वाटा देऊ लागली. उत्तम झालं.

बिघडलंय ते वेगळंच. या खेळाची सगळी मजा शेजाराच्या भांडणात होती. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, खेळ अधिक चांगला असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी लोक शनिवारी कॉलेजचा सामना बघायचे, कारण समोरचा संघ ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर बसलेला असायचा. ते भांडण टीव्हीवाल्यांनी विकत घेतलं आणि मोडीत काढलं. २०२४ चा अ‍ॅपल कप सप्टेंबरात झाला, सिअ‍ॅटलच्या एनएफएलच्या मैदानावर. आम्ही २४-१९ जिंकलो, शेवटच्या क्षणी त्यांना गोलरेषेवर अडवून. आनंद झालाच. पण सप्टेंबरात? टी-शर्ट घालून? तो सामना मोसमाचा शेवट असायचा, आता तो वेळापत्रकात जिथे फट सापडेल तिथे बसवलाय.

लिहा मंडळी. शिव्या द्यायच्या तर हस्कींना द्या.

अ‍ॅन_आर्बरकर

पुलमनकर, छान लिहिलंय, पण मी पडले सुखवस्तू बाजूची. मिशिगनच्या स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आणि ते भरतं. ओहायो स्टेटशी आमचा सामना अजूनही नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारीच होतो, त्याला हात लावायची कोणाची टाप नाही. त्यामुळे आमच्याकडे "पूर्वीचं राहिलं नाही" असं म्हणणारे कमी.

पण एक सांगते. बिग टेनमध्ये आता १८ संघ आहेत. काही जुन्या सोबत्यांशी गाठ वर्षाआड पडते, कधी त्याहून उशिरा. त्यांच्या जागी यूसीएलए येतं. चांगला संघ असेल, पण यूसीएलएचा राग कसा करायचा? माझ्या नवऱ्याच्या घरी मिनेसोटाचे लोक आहेत. मिशिगन आणि मिनेसोटा एका मातीच्या जुन्या बुधलीसाठी खेळतात, 'लिटल ब्राउन जग'. १९०३ पासूनची. जो जिंकेल तो ती बुधली घरी नेतो. आता तो सामना दरवर्षी होत नाही आणि सासरच्यांशी बोलायला विषय उरत नाही :)

तिरकस

मी काडी टाकतो. हे सगळं वाचून मला एवढंच कळलं की गरीब विद्यापीठाचा माणूस श्रीमंत विद्यापीठाला नावं ठेवतोय. उद्या बिग टेनने पुलमनला बोलावलं असतं तर तुमच्या कुलगुरूंनी शेजाऱ्यांसाठी नकार दिला असता?

पुलमनकर

@तिरकस, नाही, धावत गेले असते. आणि मी पेढे वाटले असते. म्हणूनच हा प्रश्न कोणा एका विद्यापीठाच्या सद्वर्तनावर सोडता येत नाही. वरून कोणीतरी नियम घालायला हवा होता आणि तसा कोणी वर नाहीच.

वकीलसाहेब

वर कोणी का नाही, ते सांगतो. पूर्वी होतं. कॉलेजच्या खेळांची संघटना एनसीएए ठरवायची की कोणत्या संघाचे किती सामने टीव्हीवर दिसतील. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध खटला भरला आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला की ही मक्तेदारी आहे, बंद करा. त्या दिवसापासून टीव्हीचे हक्क विद्यापीठांच्या आणि कॉन्फरन्सच्या हातात आले. आज तुम्ही जे बघताय त्याचं बी तिथे आहे, २०२१ मध्ये नाही.

त्या निकालाला विरोध करणाऱ्या दोघांपैकी एक न्यायमूर्ती होते बायरन व्हाइट. हे गृहस्थ १९३० च्या दशकात स्वतः कोलोराडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की कॉलेजचा खेळ हा निव्वळ धंदा समजून त्याला धंद्याचे कायदे लावू नका. बाकीच्यांना ते पटलं नाही. आणि पॅक-१२ मधून २०२३ मध्ये सर्वांत आधी कोण बाहेर पडलं? त्यांचंच कोलोराडो.

खेळाडूंच्या बाजूने निकाल लागायला पुढे बराच वेळ गेला. २०२१ मध्ये अल्स्टन खटल्यात ९ विरुद्ध ०. प्रश्न फक्त शिक्षणाशी निगडित सवलतींचा होता, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मत लिहून एनसीएएला स्पष्ट सुनावलं की तुम्ही कायद्याच्या वर नाही. मग एनसीएएचं अवसानच गेलं. जून २०२५ मध्ये एनसीएएविरुद्धच्या 'हाउस' नावाच्या खटल्याची तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलर, आणि प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंत वाटायची मुभा.

म्हणजे विद्यापीठांना बाजारात उतरायची मोकळीक १९८४ मध्ये मिळाली आणि पोरांना २०२१ नंतर. बोंब मात्र दुसऱ्या गोष्टीचीच जास्त होते. पुलमनकरांशी इथे पूर्ण सहमत.

पुण्याहून_रविवारी

मी कधी अमेरिकेला गेलेलो नाही. मामेभाऊ ऑरेगन स्टेटला होता, त्याने नाद लावला. पॅक-१२ चे उशिराचे सामने तिकडे शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू व्हायचे, म्हणजे आमच्याकडे रविवारी सकाळी आठ. पोहे, चहा आणि टचडाउन. पूर्वेकडचे अमेरिकन झोपलेले असायचे, आम्ही जागे. या एका बाबतीत पुणेकर न्यूयॉर्ककरांच्या पुढे होते (बाकी बाबतींत आहेतच).

प्रश्न: आपल्याकडे रणजीत खेळाडूला संघ बदलायचा तर संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र लागतं. यशस्वी जैस्वालने २०२५ मध्ये मुंबई सोडून गोव्याकडे जायला ते मागितलं, पुढे विचार बदलला, किती गाजलं ते. तिकडे असं काही नाही का?

पुलमनकर

@पुण्याहून_रविवारी, होतं, आणि आपल्यापेक्षा कडक. फुटबॉलवाल्याने विद्यापीठ बदललं तर सहसा एक वर्ष बाकावर बसायचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'ट्रान्सफर पोर्टल' आलं, म्हणजे एक यादी. तिच्यात नाव घातलं की बाकीचे कोच तुमच्याशी बोलू शकतात. २०२१ पासून एकदा बदलायला दंड नाही, २०२४ पासून कितीही वेळा बदला, अभ्यासात पास असलात की झालं.

आमचं उदाहरण घ्या. कॅम वॉर्ड नावाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) छोट्या विद्यापीठातून आमच्याकडे आला, दोन मोसम खेळला, मायामीला गेला आणि २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. त्याच्या जागी जॉन मटीर आला, एक मोसम गाजवला आणि ओक्लाहोमाला गेला. त्याच हिवाळ्यात कोच जेक डिकर्ट वेक फॉरेस्टला गेले. आमचं पुलमन म्हणजे एसटी स्टँड झालंय, जो तो पुढच्या गाडीची वाट बघतोय. पण पोरांना दोष देणार नाही. कोच करार मोडून जातो तेव्हा त्याला 'महत्त्वाकांक्षी' म्हणायचं आणि वीस वर्षांच्या पोराला 'बेइमान', हे कुठलं शास्त्र?

बंड्या_ब्लूमिंग्टन

रुमाल टाकून ठेवला होता, आता बसतो.

पुलमनकर, तुमचं दुःख खरं आहे, पण इंडियाना विद्यापीठाकडेही बघा जरा. आमच्या नावावर कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातले सर्वांत जास्त पराभव जमा होते. कित्येक पिढ्या लोक स्टेडियमच्या बाहेर गाडीमागे खाऊन-पिऊन घ्यायचे आणि मध्यंतरापर्यंत घरी जायचे. ब्लूमिंग्टन बास्केटबॉलचं गाव, फुटबॉल म्हणजे ऑक्टोबरातला टाइमपास.

मग आले कर्ट सिग्नेटी. जेम्स मॅडिसनहून येताना तिथले कितीतरी खेळाडू पोर्टलमधून सोबत घेऊन आले. पहिल्याच वर्षी, २०२४ मध्ये, ११ विजय आणि १२ संघांच्या प्लेऑफमध्ये (राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांत) जागा. दुसऱ्या वर्षी फर्नांडो मेंडोसा आला. तोही पोर्टलमधूनच, आणि तुमच्या जुन्या पॅक-१२ च्या बर्कलीहून! त्याने हाइझमन जिंकला आणि जानेवारी २०२६ मध्ये आम्ही मायामीला २७-२१ हरवून राष्ट्रीय विजेते झालो. एकही सामना न हरता. इंडियाना. मी अजूनही अधूनमधून तो स्कोअर उघडून बघतो.

पोर्टल नसतं, पैसे नसते आणि जुनी चार संघांची प्लेऑफ असती, तर हे आमच्या सात पिढ्यांत झालं नसतं. 'पूर्वीचे दिवस' अलाबामा आणि ओहायो स्टेटसाठी चांगले होते हो. आमच्यासाठी नव्हते.

अ‍ॅन_आर्बरकर

बंड्या, अभिनंदन, पण माज करू नकोस. आमची पाळी येईलच.

पुलमनकर

बंड्या, तुझा प्रतिसाद सर्वांत आवडला, आणि माझा मुद्दा त्याने खोडला जात नाही. पोर्टल, पैसे, १२ संघांची प्लेऑफ, या तिन्ही गोष्टींना मी कुठे नाही म्हणालो? २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट १३-० असूनही चार संघांत घेतलं नाही, ते मला आजही खटकतं. आमचे कोच माइक लीच तर ६४ संघांची प्लेऑफ हवी म्हणायचे, सगळे हसायचे. (लीच २०१२ ते २०१९ आमच्याकडे होते. स्वतः कॉलेज फुटबॉल कधी खेळले नाहीत, वकिलीची पदवी घेतलेले, पत्रकार परिषदेत फुटबॉल सोडून समुद्री चाच्यांवर बोलायचे. डिसेंबर २०२२ मध्ये अचानक गेले. त्यांच्याच वेळी २०१८ मध्ये ईएसपीएनचा 'गेमडे' कार्यक्रम पहिल्यांदा पुलमनला आला होता.)

पण या तिन्ही गोष्टी करायला यूसीएलएला बिग टेनमध्ये नेण्याची काय गरज होती? इंडियाना जुन्या बिग टेनमध्ये राहूनही विजेती झाली असती आणि परड्यू विद्यापीठाविरुद्धची तुमची 'ओल्ड ओकन बकेट' ही लढत तुम्ही दरवर्षी खेळताच. तुझं सगळं शाबूत राहून वर करंडक मिळाला. आमच्याकडे करंडकाचं राहू दे, शेजारीच गेले.

चिंगी

फुटबॉलचा सगळा धागा वाचला, पण ज्यांच्यावर खरा भुर्दंड पडलाय त्यांचं कोणी नावही काढलं नाही. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदाच खेळतो, चार्टर्ड विमानाने जातो. व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉलच्या मुलींचं काय? स्टॅनफर्डची व्हॉलीबॉलची मुलगी आता कॉन्फरन्सच्या सामन्यासाठी बॉस्टन किंवा मायामीला जाते. तीन तासांचा वेळेतला फरक, परत येऊन सोमवारी ऑरगॅनिक केमिस्ट्री. हे सगळं फुटबॉलच्या टीव्ही करारासाठी. फुटबॉलपुरती वेगळी कॉन्फरन्स करा आणि बाकीचे खेळ घराजवळ राहू द्या, हे इतकं अवघड आहे?

शिवाय खेळाडूंना वाटायची रक्कम कुठून तरी येणार ना? बहुतेक ठिकाणी तिचा मोठा वाटा फुटबॉल नेतो. त्यात तडजोडीने प्रत्येक खेळात संघाची कमाल संख्या ठरवली, म्हणजे शिष्यवृत्ती नसताना निव्वळ हौसेने संघात असलेली मुलं आधी बाहेर. आमच्याकडे कन्या शाळेत पोहते, तिच्याबरोबरच्या पालकांत हल्ली हीच चर्चा असते.

वकीलसाहेब

@चिंगी, तुमची सूचना अजिबात अवघड नाही आणि तज्ज्ञ मंडळीही ती मांडतात. अडचण एवढीच की फुटबॉल वेगळा काढला की उरलेल्या खेळांचा खर्च कोण सोसतं ते उघड दिसेल.

अवांतर: यूसीएलए आणि बर्कली दोन्ही कॅलिफोर्निया विद्यापीठाचीच. एक बिग टेनमध्ये गेल्याने दुसऱ्याचं नुकसान झालं, म्हणून विद्यापीठाच्या रीजंट्सनी (नियामक मंडळाने) यूसीएलएला सांगितलं की बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्या. लोकांनी तिला पोटगीच म्हणायला सुरुवात केली. आणि बर्कलीची एसीसीत हालत काय, तर पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशांतला ३० टक्केच वाटा. डॅलसचं एसएमयू तर नऊ वर्षं त्या पैशांशिवाय राहायला तयार होऊन आत आलं. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या.

तिरकस

पुलमनकर, एक राहिलंच. तुम्ही आणि ऑरेगन स्टेट, दोघं उरलात. कोर्टात जाऊन कॉन्फरन्सचा ताबा आणि गंगाजळी मिळवलीत. ठीक. माउंटन वेस्ट कॉन्फरन्सने २०२४ मध्ये तुम्हाला सामने दिले, नाहीतर खेळला असता कोणाशी? आणि त्याच मोसमात, सप्टेंबर २०२४ मध्ये, तुम्ही त्यांचीच बोईसी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट फोडलीत. मागून युटा स्टेटही. करारात संघ फोडल्याचा दंड लिहिलेला होता, तर तो बेकायदा म्हणून पुन्हा कोर्टात! शेजारधर्म म्हणतात तो हाच का?

पुलमनकर

@तिरकस, होय, फोडली. दंड साडेपाच कोटी डॉलरचा होता आणि आमच्याच माणसांनी त्यावर सही केली होती. याचं समर्थन मी करत नाही. ज्या नियमाने आम्हाला लुटलं त्याच नियमाने आम्ही पुढच्याला लुटलं. वायोमिंग किंवा नेव्हाडाच्या चाहत्याने असाच धागा काढला तर त्यात आम्ही हस्कींच्या जागी असू.

एक फरक मात्र आहे. नव्या पॅक-१२ मध्ये बोईसी आहे, पुलमनहून गाडीने जाण्यासारखं. युटा स्टेटचं लोगन आहे, ऑरेगन स्टेटचं कॉर्व्हॅलिस आहे. न्यू जर्सी नाही. नकाशा उघडून बघितला तर बरीच गावं एका भागातली वाटतात. (टेक्सस स्टेटचं विचारू नका.) बोईसीवाल्यांशी भांडायला वेळ लागेल, पण ते भांडण होऊ शकतं. त्यांचं मैदान निळं आहे, तिथूनच सुरुवात करता येईल.

तिरकस

टेक्सस स्टेटचंच विचारणार होतो.

पुण्याहून_रविवारी

नवीन पॅक-१२ चे सामने रविवारी सकाळी आठला मिळणार असतील तर मला टेक्सस स्टेटही चालेल.

अवांतर: मामेभाऊ एकदा पुलमनचं डब्यातलं चीज घेऊन आला होता. पत्र्याचा डबा, डालड्यासारखा. ते काय प्रकरण आहे? पुन्हा मागवावं म्हणतोय.

पुलमनकर

@पुण्याहून_रविवारी, ते 'कूगर गोल्ड'. विद्यापीठाच्याच क्रीमरीत विद्यार्थी बनवतात. पांढरं चेडर, वर्षभर मुरवलेलं, ३० औंसांचा डबा. डबाबंद असलं तरी फ्रिजमध्येच ठेवायचं. भावाला हिवाळ्यात यायला सांगा, मे महिन्यात नको.

चिंगी

आमच्याकडे त्याचं चीज-चिली टोस्ट होतं. पण किसताना भुगा होतो, सुरीनेच कापा.